ओहायोत मुंबई इंडियन्सची जर्सी घालू का?

पत्र: नमस्कार. मी सांगलीचा. जानेवारीत कोलंबसला ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत एमएसला आलो, त्यामुळे इथला अमेरिकन फुटबॉलचा सीझन अजून पाहिलेला नाही. ऑगस्ट लागल्यापासून लॅबमध्ये दुसरा विषयच नाही. ‘प्रीसीझन पोल’, ‘पोर्टल’, ‘थर्ड अँड लाँग’ असलं काहीतरी चालू असतं आणि मी हसरा चेहरा करून बसतो. आता पहिल्या घरच्या सामन्याला मलाही ओढलंय. सामना दुपारी बाराचा, समोर एक छोटं विद्यापीठ. सकाळी आठपासून पार्किंगमध्ये टेलगेट, म्हणजे सामन्याआधीची खाण्यापिण्याची पार्टी, दहा-बारा माणसं. मला क्रिकेट सोडून काही कळत नाही. हसं होऊ नये इतपत काय शिकू? बोलू काय? स्पोर्ट्स जर्सी म्हणून माझ्याकडे एकच आहे, मुंबई इंडियन्सची, ती चालेल ना? वडापाव नेला तर खातील? लॅबमध्ये ‘स्प्रेड’वर दहा-दहा डॉलरची पैज लागते, ती काय भानगड आहे? शिवाय मी टीए (टीचिंग असिस्टंट) आहे आणि माझ्या सेक्शनला टीममधला एक खेळाडू आहे, त्याच्याबद्दल सगळे विचारत असतात. आणि आई दर शनिवारी तिकडच्या रात्री साडेनऊला फोन करते, त्याचं काय करू?
— गोंधळलेला सांगलीकर, कोलंबस

उत्तर:

आधी जर्सीचं बोलू, कारण बाकीच्या चुका लोक हसून सोडतील, ही सोडणार नाहीत. निळा आणि सोनेरी म्हणजे कोलंबसच्या नजरेला थेट मिशिगन. त्यांचे रंग मक्याचा पिवळा आणि गडद निळा. ओहायो स्टेट आणि मिशिगन १८९७ पासून एकमेकांशी खेळताहेत. आता हा सामना थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी असतो, सम वर्षी कोलंबसला आणि विषम वर्षी मिशिगनच्या गावी, अ‍ॅन आर्बरला. त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांमधल्या प्रत्येक ‘एम’ अक्षरावर लाल टेपची फुली मारलेली दिसेल. १९५१ ते १९७८ इथे कोच असलेले वुडी हेज त्या विद्यापीठाचं नावसुद्धा घेत नसत, ‘ती वरच्या बाजूची टीम’ एवढंच म्हणत. ती पद्धत अजून चालू आहे. तेव्हा रोहित शर्मा कितीही आवडता असला तरी ती जर्सी कपाटात राहू दे. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं कुठेच बरं नाही, कोलंबसमध्ये तर मुळीच नाही.

घालायचं काय, तर लाल. इथले रंग स्कार्लेट आणि ग्रे. साधा लाल टी-शर्ट पुरतो, निळी जीन्स चालते. विद्यापीठाच्या दुकानात जाऊन महाग शर्ट घ्यायची गरज नाही. गावातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत ओहायो स्टेटचे शर्ट ढिगाने असतात. खेळाडूचा नंबर असलेली जर्सी मात्र पहिल्याच वर्षी घेऊ नकोस. ट्रान्स्फर पोर्टलमुळे खेळाडू आता दरवर्षी विद्यापीठ बदलू शकतो. आज हौसेने घेतलेला नंबर पुढच्या ऑगस्टला भलत्याच टीमकडून खेळताना दिसेल.

आता तुझ्या मुख्य चिंतेकडे. तुला काही येत नाही ही गोष्ट ऑगस्टमध्ये उघडी पडणारच नाही, कारण ऑगस्टमध्ये कुणालाच काही माहीत नसतं. निम्मी टीम पोर्टलमधून नवी आलेली, सराव बंद दाराआड, आणि सगळी चर्चा प्रीसीझन पोलवर. तो पोल म्हणजे असोसिएटेड प्रेसने पत्रकारांची मतं घेऊन लावलेले पहिले पंचवीस नंबर, एकही सामना व्हायच्या आधी! २०२४ मध्ये फ्लोरिडा स्टेट त्या यादीत दहावी होती, सीझन संपला तेव्हा दोन जिंकलेले आणि दहा हरलेले. २०२५ मध्ये टेक्सास पहिल्या नंबरावर होती. ३० ऑगस्टला कोलंबसमध्येच ओहायो स्टेटकडून १४-७ अशी हरली आणि पुढे प्लेऑफलाही पोचली नाही. दुसऱ्या नंबरवरच्या पेन स्टेटने ऑक्टोबरात कोचला घरी पाठवलं. आणि विसाव्या नंबरवरची इंडियाना सोळाच्या सोळा सामने जिंकून राष्ट्रीय विजेती झाली. तुझ्या लॅबमधले लोक आत्ता जे छातीठोकपणे सांगताहेत त्याची किंमत एवढीच आहे. निकाल यायला लागले की जाणकार आणि अडाणी वेगळे होतात, त्याआधी सगळे एकाच पंगतीला.

म्हणून पहिल्या पंधरवड्यात मत देण्यापेक्षा प्रश्न विचार, पण नेमका प्रश्न विचार. ‘टीम कशी आहे?’ हा प्रश्न वाया जातो. ‘यंदा ऑफेन्सिव्ह लाइन कशी वाटते?’ हा, म्हणजे पुढच्या रांगेतल्या जाडजूड गड्यांबद्दलचा, प्रश्न कधीच वाया जात नाही, कारण आपल्या ऑफेन्सिव्ह लाइनवर खूश असलेला चाहता अजून जन्माला यायचाय. वीस मिनिटं तरी तुला फक्त मान हलवावी लागेल. दुसरा प्रश्न: ‘पोर्टलमधून कोण आलं, आणि कोण गेल्याचं दुःख जास्त आहे?’ तिसरा: ‘ह्या शेड्यूलमध्ये कुठला सामना घसरायचा वाटतो?’ मोठ्या टीमचा चाहता मोठ्या सामन्याला घाबरत नाही. दोन मोठ्या सामन्यांच्या मधला, परगावचा, फुटकळ वाटणारा सामना त्याच्या पोटात गोळा आणतो. हा प्रश्न विचारलास की तू नवा आहेस हे ते विसरतील.

कॉन्फरन्सविषयी, म्हणजे विद्यापीठांच्या गटाविषयी, बोलणं निघालं तर एक विनोद तयारच आहे. ओहायो स्टेट ज्या ‘बिग टेन’मध्ये खेळते तिच्यात २०२४ पासून अठरा टीम आहेत, आणि त्यातल्या चार पॅसिफिकच्या बाजूच्या. यावर कुणीही चिडत नाही, सगळे उसासे टाकतात.

आता दुखऱ्या नसा. १३-१० हा आकडा कोलंबसमध्ये उच्चारू नकोस. २०२४ मध्ये रँकिंगमध्येही नसलेल्या मिशिगनने इथे येऊन १३-१० असं हरवलं. २०२५ च्या बिग टेन फायनलला इंडियानाने हरवलं, तेही १३-१०. कुणी स्वतःहून २०२४ काढलंच, तर उतारा म्हणून लगेच आठवण करून दे, की त्याच सीझनला दोन पराभव गळ्यात घेऊन, आठवं सीडिंग मिळवून, ओहायो स्टेटने प्लेऑफचे चारही सामने जिंकले आणि फायनलला नोट्र डेमला ३४-२३ असं हरवलं. प्लेऑफ चार टीमवरून बारा टीमचा झाला त्याचं ते पहिलंच वर्ष. जुन्या चारच्या पद्धतीत त्यांना दारातही उभं केलं नसतं. एवढं बोललास तरी बीअर कुणीतरी तुझ्या हातात देईल (एकवीस पूर्ण असतील तरच घे, आणि परत येताना गाडीला हात लावू नकोस, स्टुडंट व्हिसावर दारू पिऊन गाडी चालवल्याची केस म्हणजे व्हिसाच धोक्यात).

आणि एक किस्सा पाठ कर: १ सप्टेंबर २००७, सीझनचा पहिला शनिवार. पाचव्या नंबरवरची मिशिगन, स्वतःचं लाखभर क्षमतेचं मैदान, समोर खालच्या विभागातली अ‍ॅपलाचियन स्टेट. शेवटच्या क्षणी मिशिगनची फील्ड गोलची, म्हणजे उंच खांबांमधून चेंडू मारायची, किक अडवली गेली आणि ३४-३२ असा निकाल लागला. हा किस्सा कोलंबसमध्ये कितीही वेळा सांग, शिळा होत नाही. तुमचा पहिला सामनाही छोट्या विद्यापीठाशी आहे, त्यामुळे तो निघेलच. छोटी विद्यापीठं अशा सामन्याला येतात ती भल्यामोठ्या मानधनासाठी, आणि बहुतेक वेळा मार खाऊन परत जातात. बहुतेक वेळा.

दोन गोष्टी मात्र बोलू नकोस. ‘पण हे लोक पायाने खेळतच नाहीत’ हा विनोद इथल्या प्रत्येकाने शंभरदा ऐकलाय. आणि कोच रायन डेला काढा अशी मागणी नव्या माणसाने करायची नसते. तो हक्क ज्यांनी चार-पाच वर्षं नोव्हेंबरात मिशिगनकडून हार सोसलीय त्यांचा.

खेळ समजायला एकच गोष्ट पक्की कर: चार डाऊन, दहा यार्ड. मैदान शंभर यार्डांचं, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एंड झोन. चेंडू ज्या टीमकडे आहे तिला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकली की पुन्हा नवे चार. ‘सेकंड अँड सेव्हन’ म्हणजे दुसरा प्रयत्न, अजून सात यार्ड बाकी. ‘थर्ड अँड लाँग’ म्हणजे तिसरा प्रयत्न आणि अंतर बरंच, साधारण सात-आठच्या वर. आता पास टाकणार हे अख्ख्या स्टेडियमला माहीत असतं. चौथ्या डाऊनला काय करायचं हा ह्या खेळातला खरा निर्णय. लांब किक मारून, म्हणजे पंट करून, चेंडू समोरच्याला दूरवर नेऊन द्यायचा. जवळ असेल तर फील्ड गोल मारायचा. नाहीतर सरळ खेळायचं. शेवटचा पर्याय म्हणजे प्रो कबड्डीतली ‘डू ऑर डाय’ चढाई: जमलं तर जमलं, नाहीतर चेंडू तिथल्या तिथे समोरच्याकडे.

गुण: टचडाऊन, म्हणजे चेंडू समोरच्याच्या एंड झोनमध्ये पोचवणं, सहा. त्यानंतर किक मारून एक, किंवा तीन यार्डांवरून पुन्हा खेळून दोन. फील्ड गोल तीन. आपल्याच एंड झोनमध्ये चेंडूसकट पकडले गेलात तर समोरच्याला दोन आणि चेंडूही त्याच्याकडेच. फील्ड गोलचं अंतर तोंडी काढता येतं: चेंडू ज्या रेषेवर आहे त्यात सतरा मिळवायचे, दहा एंड झोनचे आणि सात मागे चेंडू टेकवतात त्याचे. चेंडू तीसच्या रेषेवर असेल तर किक सत्तेचाळीस यार्डांची. कॉलेजच्या किकरसाठी चाळिशीपर्यंत ठीक, पन्नाशीला लोक नखं खातात. हे गणित तू मोठ्याने पण सहज केलंस तर शेजारचा वळून बघेल.

डाऊनचा खेळ कसा फिरतो ते त्याच २०२४ सीझनच्या फायनलमध्ये बघ. २० जानेवारी २०२५, अटलांटा. ओहायो स्टेट ३१-२३ पुढे, तीन मिनिटांहून कमी वेळ, चेंडू स्वतःच्या ३४ यार्डांवर, थर्ड अँड इलेव्हन. शहाण्या कोचने इथे धावून वेळ खाल्ला असता आणि पंट केली असती. विल हॉवर्डने जेरेमाया स्मिथकडे लांब पास टाकला, ५६ यार्ड, चेंडू थेट समोरच्याच्या दहावर. पुढे फील्ड गोल आणि खेळ खल्लास. ह्या खेळीची क्लिप सामन्याच्या आदल्या रात्री चारदा बघ. पहिल्यांदा चेंडू बघ, बाकी तीन वेळा बाकीची माणसं.

कारण नवखा माणूस चेंडू बघतो आणि त्यामुळेच त्याला काही कळत नाही. चेंडू लपवणं हाच अर्धा खेळ आहे. त्याऐवजी चेंडू असलेल्या टीमच्या पुढच्या रांगेतल्या पाच जाडजूड गड्यांकडे, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनकडे बघ. चेंडू मागे जाताच ते खाली वाकून पुढे घुसले तर धाव आहे. उठून पाऊल मागे घेतलं आणि हात पुढे धरले तर पास आहे. ते फसवतातही, पण मर्यादेत: पास असेल तर त्यांना तीन यार्डांपलीकडे पुढे जाता येत नाही, गेले तर पिवळा झेंडा पडतो, म्हणजे फाउल. पहिला क्वार्टर एवढंच बघ. दुसऱ्या क्वार्टरला तुला शेजाऱ्याच्या अर्धा सेकंद आधी कळायला लागेल.

झेंड्यांचे आकडे जमतील तेवढे: चेंडू सुटायच्या आधी हलला तर पाच यार्ड मागे, धरून ठेवलं तर दहा, डोक्याला टक्कर मारली तर पंधरा आणि व्हिडिओ बघून खेळाडू बाहेर.

आता ओरडायचं कधी. नवखे इथे हमखास माती खातात. ओहायो स्टेटकडे चेंडू असताना आणि खेळी सुरू व्हायच्या बेतात असताना गप्प राहायचं. समोरच्यांकडे चेंडू असताना, त्यातही थर्ड डाऊनला, घसा फाटेपर्यंत ओरडायचं. समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य गडी, रांगेत उभा राहून बदललेले इशारे ओरडून सांगत असतो. ते ऐकू गेले नाहीत की एखादा लाइनवाला आधीच हलतो आणि पाच यार्ड फुकट मिळतात. २०२४ पासून कोच एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओवर बोलू शकतो, पण घड्याळात पंधरा सेकंद उरले की ते बंद पडतं, त्यामुळे गोंगाटाची किंमत अजून आहे. बाकी कुणी अनोळखी माणूस तुझ्याकडे बघून ‘ओ-एच!’ असं ओरडला तर ‘आय-ओ!’ म्हणायचं. स्टेडियमवर, पेट्रोल पंपावर, मुंबईच्या विमानतळावरसुद्धा. विचार करायला थांबायचं नाही.

मध्यंतर वीस मिनिटांचं, आणि त्यात खायच्या रांगेत उभा राहिलास तर अर्धा सामना फुकट गेला. रांग दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर गाठ, टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ सारखा थांबतोच. साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास चालतो तो त्यामुळेच. मध्यंतरात बँड बघ. १९३६ पासून हा बँड मैदानावर चालत चालत ‘ओहायो’ हा शब्द वळणदार अक्षरांत लिहितो, वाजवता वाजवता, एकामागोमाग एक, अक्षराच्या वेटोळ्यातून स्वतःच्याच रांगेला छेद देत. सगळ्यात शेवटी एक सूझाफोनवाला, तो खांद्यावर गुंडाळलेला अवाढव्य पितळी भोंगा घेऊन, ड्रम मेजरच्या मागोमाग ऐटीत निघतो, ‘आय’वरच्या टिंबाच्या जागी उभा राहतो आणि हॅट काढून दोन्ही बाजूंना कमरेत वाकतो. लाखभर माणसं टचडाऊनला ओरडावीत तशी ओरडतात. हे कधी सामन्याआधी होतं, कधी मध्यंतरात, म्हणून किकऑफच्या निदान पाऊण तास आधी जागेवर बस. निकाल एकतर्फी झाला म्हणून तिसऱ्या क्वार्टरला उठूनही जाऊ नकोस. सामना संपल्यावर टीम दक्षिणेकडच्या स्टँडसमोर उभी राहून बँडच्या साथीने विद्यापीठगीत म्हणते.

आत जाण्याचं सामान थोडकं ठेव. बॅग पारदर्शकच हवी, १२ बाय ६ बाय १२ इंचांपेक्षा मोठी नको; लॅपटॉपची सॅक दारातून परत पाठवतात आणि ठेवायला जागा नसते. छत्री नेऊ देत नाहीत, पावसाचा अंदाज असेल तर प्लॅस्टिकचा पोंचो घे. तिकीट फोनवर असतं. स्टेडियमजवळ लाख माणसांचे फोन एकाच वेळी चालू असल्याने नेटवर्क रडतं, म्हणून तिकीट घरीच वॉलेटमध्ये उतरवून ठेव आणि चार्ज पूर्ण कर. सप्टेंबरच्या दुपारी ते बाक तापतात, सावली नसते. टोपी आणि सनस्क्रीन विसरलास तर सोमवारी लॅबमध्ये तूही स्कार्लेट.

वडापाव खातील का? पहिले दोघे घाबरत खातील, नंतर तुला उरणार नाही. पण पार्किंगमध्ये तेलाची कढई मांडायचा विचार असेल तर सोडून दे. उघड्यावर वारा असतो, जमीन सपाट नसते, आजूबाजूला चेंडू उडत असतात. घरीच तळ. अमेरिकन दुकानात पाच पाउंडांची बटाट्याची पिशवी मिळते, तिच्यात साधारण तीस वडे होतात, दहा-बारा जणांना भरपूर. रसेट जातीचा बटाटा घे. तो उकडल्यावर कोरडा आणि मोकळा होतो. लाल सालीचा मेणचट असतो, कुस्करला की चिकट लगदा होतो आणि वडा आतून ओला लागतो. भाजी शुक्रवारी रात्री कर, गोळे वळून फ्रिजमध्ये ठेव. गार गोळाच तळायचा: गरम भाजीची वाफ आतून आवरण फाडते, भाजी तेलात उतरते आणि पुढचे सगळे वडे काळे पडतात. अर्धा किलो बेसन, त्यात दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, हळद, मीठ, चिमूटभर सोडा. पीठ चमच्याच्या पाठीला जाडसर चिकटेल इतकं दाट हवं, पातळ झालं तर तेल पितं. तेल १७५-१८० अंश सेल्सिअसला, एका वेळी चार-पाच वडे. जास्त टाकले की तेल गार पडतं. तळायच्या आधी खिडकी उघड आणि पंखा लाव, नाहीतर सकाळी सहाला स्मोक अलार्म वाजून अख्खी बिल्डिंग पायजम्यात खाली येईल.

तळलेले वडे लगेच डब्यात कोंबू नकोस, मऊ पडतात. जाळीवर दहा मिनिटं ठेव, मग फॉइलच्या ट्रेमध्ये कागद घालून एकाच थरात लाव आणि वरची फॉइल एका कोपऱ्यात उघडी ठेव. तिथे कुणाच्या तरी ग्रिलवर फॉइल पसरून दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं गरम केले की पुन्हा कुरकुरीत. मात्र त्याच ग्रिलवर बीफ आणि सॉसेज भाजतात, तेव्हा तुझी फॉइल स्वच्छ आणि तुझा चिमटा वेगळा. पाव म्हणून डिनर रोल चालतात. गोडसर हवाईयन रोलला नावं ठेवणारे आहेत, पण झणझणीत लसणाच्या चटणीबरोबर ते जमतात. त्या चटणीत शेंगदाणे घालू नकोस, सुक्या खोबऱ्यावरच भागव; शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इथे गंभीर बाब आहे. ट्रेवर एक चिठ्ठी लाव: बटाटा, बेसन, अंडं नाही, मांस नाही, तिखट आहे. चटणी वेगळ्या वाटीत. हिरवी मिरची तळून नेलीस तर ती नुसती खायची पैज आपोआप लागेल, त्यात तू पडू नकोस. तळलेलं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही, ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर एकच तास.

टेलगेटला कॉर्नहोल असणारच: चार फूट बाय दोन फूट फळी, तिला सहा इंचांचं भोक, सत्तावीस फुटांवरून कापडी पिशव्या टाकायच्या. भोकात गेली तर तीन, फळीवर राहिली तर एक, दोघांच्या गुणांतला फरक जिंकणाऱ्याला, एकवीसला डाव. क्रिकेटवाले खांद्याच्या वर हात नेतात आणि पिशवी फळीवरून उडून जाते. हात खालून, पिशवी आडवी, हलकी फिरकी, आणि नेम भोकावर नाही तर त्याच्या अलीकडे. घसरत आत जाते.

तुझ्या सेक्शनमधल्या खेळाडूबद्दल मात्र विनोद नाही. तो वर्गाला येतो का, मार्क किती, असाइनमेंट दिली का, यातलं अक्षरही बाहेर काढायचं नाही. १९७४ चा फर्पा कायदा विद्यार्थ्याची माहिती गुप्त ठेवायला सांगतो आणि टीए त्यात येतो. त्यातून २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागलीत, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत मुभा होती. एवढ्या पैशाच्या गोष्टीत ‘तो नापास होतोय म्हणे’ हे वाक्य कुठून सुटलं याचा शोध लागतोच. कुणी विचारलं तर ‘मी सगळ्यांचेच पेपर तपासतो’ म्हण आणि ऑफेन्सिव्ह लाइनचा विषय काढ. त्याच्याकडे सेल्फीही मागू नकोस.

आईला आत्ताच सांगून ठेव. तिकडचे साडेनऊ म्हणजे इथले दुपारचे बारा, म्हणजे नेमका किकऑफ. बाराचा सामना असेल त्या शनिवारी तूच तासभर आधी फोन कर, वड्यांचं काय झालं ते तिला ऐकायचं असेलच. सामना साडेतीनचा किंवा साडेसातचा असेल तर तिच्या वेळेला तू टेलगेटवर मोकळा. पण वेळा टीव्हीवाले ठरवतात आणि पुष्कळदा बारा किंवा सहाच दिवस आधी कळवतात, म्हणून महिनाभराचं कबूल करू नकोस. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासाने मागे जातात. त्यानंतर बाराचा सामना तिकडे रात्री साडेदहाला.

राहिली पैज. स्प्रेड म्हणजे बलवान टीमच्या पाठीवर ठेवलेलं ओझं. तिच्यापुढे −२४.५ लिहिलं असेल तर ती पंचवीस किंवा जास्त गुणांनी जिंकली तरच तिच्या बाजूने लावणारा जिंकला. अर्धा गुण असतो तो बरोबरी होऊ नये म्हणून. नवखा माणूस सीझनच्या सुरुवातीला सगळ्या बलवान टीम निवडतो आणि बुडतो. पस्तीस-चाळीस गुणांची आघाडी झाली की कोच मुख्य खेळाडू बसवतो, चौथ्या क्वार्टरला राखीव पोरं खेळतात, आणि समोरची टीम शेवटी एक-दोन टचडाऊन काढून फरक कमी करते. म्हणून पंचविशीच्या वरच्या स्प्रेडमध्ये दुबळ्या टीमकडे झुकायला हरकत नाही. फक्त ओहायो स्टेटच्या सामन्याला स्प्रेड कितीही असला तरी ओहायो स्टेटच घे. हरलास तर दहा डॉलर जातील, उलट निवडून जिंकलास तर डिसेंबरपर्यंत ऐकून घ्यावं लागेल. ही पैज लॅबच्या डब्यापुरतीच ठेव, फोनवरच्या बेटिंग अ‍ॅपकडे वळू नकोस. पैजेच्या कागदाच्या तळाशी टायब्रेकरसाठी, म्हणजे बरोबरी सोडवायला, एका सामन्याच्या एकूण गुणांचा अंदाज विचारलेला असतो. दोन्ही टीमचे मिळून कॉलेजमध्ये साधारण पन्नाशीच्या आसपास होतात. गोल आकडा दोघातिघांनी लिहिलेला असतो, तू ५१ लिही.